‘कामावरून काढलं? २१ दिवसांत अर्ज करा’ : मदतीच्या पानाला असंच नाव द्या

साईटवर खोल खड्डा खणला की आपण पाटी लावतो, ‘धोका : खोल खड्डा’. ‘सुरक्षेविषयी थोडेसे’ अशी पाटी कुणी लावत नाही. पण कामगारांच्या हक्कांची माहिती इंटरनेटवर टाकताना आपलीच मंडळं, आपलेच ग्रुप पानाला नाव देतात ‘महत्त्वाची माहिती’, ‘जागर हक्कांचा’, नाहीतर नुसतंच ‘होम’. आतला मजकूर चांगला असतो, मेहनतीने लिहिलेला असतो. ज्याला हवा त्याला सापडत नाही, ही अडचण.

यात काय जातं ते बघा. ऑस्ट्रेलियात अन्यायाने नोकरीवरून काढलं, तर फेअर वर्क कमिशनकडे अर्ज करायला २१ दिवस मिळतात. त्यात शनिवार-रविवारही धरले जातात. मुदत वाढते ती फक्त अपवादात्मक कारण असेल तरच. बुडालेल्या पगारासाठी ६ वर्षं मागे जाता येतं, इथे तेवढी सवड नाही.

आता नोकरी गेलेला माणूस रात्री खोलीवर बसून मोबाईलमध्ये काय टाईप करतो? ‘अन्यायकारक बडतर्फी’ तर नक्की नाही. तो टाकतो, ‘ऑस्ट्रेलिया कामावरून काढलं काय करायचं’. गुगल पान शोधताना त्याचे शब्द आणि पानावरचे शब्द ताडून बघतं, त्यात शीर्षकाला वजन असतं. आणि निकालांच्या यादीत माणसाला ठळक दिसतं तेही शीर्षकच. ‘जागर हक्कांचा’ वाचून तो पुढे सरकतो. दिवस मात्र मोजले जात राहतात.

म्हणून शीर्षक लिहिताना एवढं पाळा.

कामगाराच्या तोंडातले शब्द घ्या. ‘वेतन थकबाकी’ नको, ‘पगार दिला नाही’ लिहा. ‘निवृत्ती निधी’पेक्षा ‘सुपर’ म्हटलेलं सगळ्यांना कळतं.

मुद्द्याचा शब्द आधी, संस्थेचं नाव शेवटी. साधारण ५०-६० अक्षरांपुढचं शीर्षक यादीत बहुधा कापलं जातं. सुरुवातीला संस्थेचं लांबलचक नाव असेल तर मुद्दाच गायब होतो.

देश लिहाच. मराठी माणूस दुबईतही आहे, कतारमध्येही आहे. तिथले कायदे वेगळे. ‘ऑस्ट्रेलिया’ हा एक शब्द मोठा घोळ टाळतो.

एक पान, एक विषय, एक वेगळं शीर्षक. पगार, व्हिसा, अपघात सगळं ‘कामगार मदत’ याच नावाखाली टाकलं तर कुठलं पान उघडायचं हे ना गुगलला कळतं ना माणसाला.

‘पगार, पगार तक्रार, पगार ऑस्ट्रेलिया’ अशी शब्दांची खोगीरभरती करू नका. असं शीर्षक सोडून गुगल स्वतःच दुसरं दाखवू शकतं.

आणि जे आत आहे तेच बाहेर लिहा. किमान पगाराचा दर दरवर्षी जुलैत बदलतो. १ जुलै २०२५ पासून तो तासाला २४.९५ डॉलर झाला. आत जुना दर ठेवून शीर्षकात नुसतं नवं वर्ष टाकणं म्हणजे जुन्या मचाणावर नवा टॅग लटकवणं. त्यावर विसंबून माणूस पडतो.

कुणी म्हणेल, अशी शीर्षकं रुक्ष वाटतात. वाटू देत. ‘हमखास पीआर’ म्हणून बोलावणाऱ्या एजंटांना नेमके शब्द बरोबर कळतात. खोटं विकणारा वर दिसतो आणि खरं सांगणारा खाली दबतो, हे आपण चालवून घ्यायचं का?

पान चालवणाऱ्यांनी सेटिंगमध्ये ‘टायटल’ किंवा ‘एसईओ टायटल’ हा रकाना शोधावा. पानावरचं मोठं मथळ्याचं अक्षर आणि हा रकाना वेगळे असू शकतात, दोन्ही जुळते ठेवा. मग एखाद्या कामगार मित्राला विचारा, ‘तू हे शोधताना काय टाकशील?’ त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. निम्मं शीर्षक तिथेच तयार होतं.

आणि कुणाला पगाराबद्दल आत्ताच विचारायचं असेल, तर फेअर वर्क ओम्बुड्समनचा नंबर १३ १३ ९४. कामावरून काढलं असेल, तर आज कितवा दिवस आहे ते आधी मोजा.