उसाला तारीख आहे!

दिवाळी म्हटली म्हणजे साखर ही आलीच. करंज्या-अनारशांचे डबे भरता भरता घरातली संपते आणि दुकानातून आणखी दोन किलो आणवावी लागते. पण वाचकहो, याच दिवसांत बीडकडच्या कितीतरी वस्त्यांवर घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली माणसे पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मूल त्या हिशेबात नसते. ते नुसते बरोबर जाते, धाकट्या भावंडाला सांभाळते. पाच-सहा महिन्यांनी ते परतते, तो वर्ग पुढे गेलेला असतो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्यघटनेने १० वर्षांची मुदत घातली होती. ती १९६० साली उलटली. पुढे २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, असा नियम आपल्या राज्याने केला. नियम उत्तमच! पण हा किलोमीटर मोजायचा कोणत्या दारापासून? गावच्या घराजवळ शाळा आहे, तर मूल तिथे नाही. मूल आहे उसाच्या फडाजवळच्या कोपीत, आणि ती कोपी आज इथे, तर उद्या तिथे.

यावर उपायही सुचलेला आहे. आईबाप गेले, तरी मुलाने गावातच आजीजवळ राहावे आणि शाळेत दोन वेळ जेवावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण गाडी आधी सुटली आणि मंजुरीचा कागद मागाहून आला, तर त्या वसतिगृहात जेवायचे कोणी?

पैशाची अडचण सांगतात. राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करावेत, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचवले. तिथवर आपण अजून पोचलेलो नाही. पण इथे नुसत्या पैशाचा प्रश्न नाही. गाळपाचा हंगाम कोणत्या तारखेला सुरू व्हायचा, हे मंत्र्यांची समिती दरसाल ठरवते. म्हणजे माणसे गाव केव्हा सोडणार, हे सरकारला आपल्या सर्वांच्या आधी ठाऊक असते. उसाच्या तारखेचा कागद निघतो, त्याच बैठकीत वसतिगृहांच्या तारखेचा आणि पैशाचाही कागद का निघू नये? घरोघर साखर खाणाऱ्या आपण सर्वांनी हे एवढे तरी विचारायला हवे.