पाणी धार्जिणे नाही

नरकचतुर्दशीच्या पहाटे आंघोळीला बसलो की आमच्या घरात एक वाक्य हटकून कानांवर पडे. डोक्यावर कढत पाण्याचे तांबे ओतता ओतता आई म्हणे, "एवढंच पाणी आपलं. बादलीपलीकडचं पाणी आपल्या घराण्याला धार्जिणं नाही." तेल, उटणे, शिकेकाई आणि हे वाक्य, एवढे मिळून आमचे अभ्यंगस्नान पुरे होई. पुढे आई गेली. वाक्य मात्र राहिले. ते मी म्हणू लागलो.

त्या वाक्यामागे एक दुःख होते. माझा धाकटा काका अठराव्या वर्षी गावच्या विहिरीत बुडून गेला. मी तेव्हा चार वर्षांचा. त्याचा चेहरा मला आठवत नाही. ओसरीवर गप्प बसलेली माणसे आणि न पेटलेली चूल तेवढी आठवते. त्यानंतर आमच्या घरातल्या एकाही मुलाने विहिरीच्या काठाला पाऊल लावले नाही. इतर पोरे पाठीला वाळलेला भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधून धडाधड उड्या घेत. आम्ही दूर लिंबाखाली उभे. पुढे शाळेची सहल समुद्रावर गेली, की सगळ्यांच्या चपलांची राखण माझ्याकडे! कोणी विचारलेच तर मी सांगे, "माझं अंग जड आहे. मी बुडतो." हे मी अशा खात्रीने सांगत असे, की जणू दहा वेळा बुडून पाहिले आहे.

माझी लेक सातवीत असताना शाळेतून एक चिठ्ठी आली. सुट्टीत पोहण्याचा वर्ग निघणार होता, पालकांची सही हवी होती. ती चिठ्ठी घेऊन पोर दोन दिवस माझ्यामागे फिरली. तिसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी मला तिच्या भूगोलाच्या वहीत घडी घालून ठेवलेली दिसली. मी सही केली नाही आणि तिने पुन्हा विषय काढला नाही. मला वाटले, पोर समंजस आहे!

आता गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. लेक माहेरी आली होती. सात वर्षांच्या नातीला पोहायला घालावे की नाही, असे ती मला विचारत होती. मी घसा साफ करून म्हणालो, "हे बघ, आपल्या घराण्याला पाणी..."

"धार्जिणं नाही!" नात खेळता खेळता मान वर न करता म्हणाली. अगदी माझ्या आईच्या सुरात! जिने माझ्या आईला पाहिलेही नव्हते, त्या पोरीच्या तोंडी तिचे दुःख जसेच्या तसे आले होते.

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच रविवारी मी गावी गेलो. गावी माझी आत्या असते. वय नव्वदीला टेकलेले; पण कान आणि आठवण दोन्ही शाबूत. मी तिला सरळ विचारले, "आत्या, आपल्या घराण्याला पाणी धार्जिणं नाही, हे खरं का गं?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "कोण म्हणतं? अरे, तुझे आजोबा पट्टीचे पोहणारे होते. भर पावसाळ्यात नदी पार करून पलीकडच्या शेतावर जायचे!"

"मग काका?"

"त्याला कुठं येत होतं पोहायला? तो शिकायला शहरात, मामाकडे. सुट्टीत आला. पोहरा विहिरीत पडला, तो काढायला उतरला आणि पायरीवरून घसरला. काठावर पोहणारं कोणी नव्हतं." मग थोडे थांबून ती म्हणाली, "तुझ्या आईनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं रे. तिनं काहीतरी धरून बसायचंच होतं."

येताना एस.टी.त मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होतो. पाणी धार्जिणे नाही म्हणून आम्ही पोहायला शिकलो नाही. आणि पोहता येत नाही म्हणून पाणी आम्हाला धार्जिणे नाही! घाण्याच्या बैलासारखे आम्ही साठ वर्षे या एकाच गोलात फिरलो. आणि मौज अशी की, जे झाकणासाठी एवढा आटापिटा केला, ते भोक आम्ही मोठेच करून ठेवले. काका गेला तो पोहता येत नव्हते म्हणून. आणि त्यावर उपाय काय केला, तर पुढच्या दोन पिढ्यांना पोहता येऊ दिले नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांना प्रकृती दाखवून, सौ.चे हसणे सोसून, मी महापालिकेच्या तलावावर नाव घातले. शिकवणारा माझ्या लेकीहून लहान. मी त्याला पहिल्याच दिवशी बजावले, "माझं अंग जड आहे. मी बुडतो."

तो म्हणाला, "असं? मग काका, बुडून दाखवा."

छातीइतक्या पाण्यात त्याने मला उभे केले. शेजारी तो स्वतः. "श्वास घ्या, तोंड मिटा आणि खाली तळावर मांडी घालून बसा. एवढंच करायचं." मी कठड्याला धरून डोके पाण्याखाली नेले आणि बसू लागलो. बसता येईना! गुडघे वाकवावेत तर पाय वर येत. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पाण्याने मला उचलून वर आणले. तीन वेळा मी बुडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा नापास झालो. जन्मभर ज्याची खात्री बाळगली, ती गोष्ट मुद्दाम करूनही जमत नाही, हे पाहून मला हसू आले आणि नाकात पाणी गेले.

यात चमत्कार काही नाही. शाळेत आर्किमिडीजचा सिद्धांत मीही घोकला होता. पदार्थ जितके पाणी बाजूला सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाइतका आधार त्याला मिळतो. एक लिटर गोडे पाणी म्हणजे सुमारे एक किलो. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच. छातीत हवा भरून घेतली की बहुतेकांचे अंग पाण्यापेक्षा किंचित हलके होते. काही सडपातळ, काटक माणसे जरा खाली राहतात, एवढेच. मग भ्यालेला माणूस बुडतो का? तर तो डोके बाहेर काढायला धडपडतो. डोक्याचे वजन चार-पाच किलो. ते पाण्याबाहेर आले की त्याला पाण्याचा आधार नाही. त्याचा भार उरलेल्या अंगावर पडतो आणि पाय खाली जातात. घाबरून श्वास सोडला की छातीतली हवाही जाते. मग माणूस म्हणतो, "बघा, मी म्हणत नव्हतो?" बुडवते ती भीती आणि नाव होते जड अंगाचे.

जड अंगाची सबब सांगताना मला आपल्या मुरलीकांत पेटकरांची आठवण कधी झाली नाही, याची आता लाज वाटते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान 1965 च्या युद्धात जखमी झाला. पाठीच्या कण्यात गोळी शिरली, कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत 37.33 सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक. आणि मी, दोन धडधाकट पाय असून, चपला राखत बसलो होतो!

स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करणाऱ्या अशा समजुती एकट्यादुकट्या घरात असतात असे मात्र नव्हे. सारे जगही अशी एखादी समजूत बाळगून बसते. 1928 साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची 800 मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीची लीना राडके 2 मिनिटे 16.8 सेकंदांत, जागतिक विक्रम करून, पहिली आली. अंतिम शर्यतीत धावलेल्या सगळ्या जणींनी शर्यत पुरी केली. शेवटी काही जणी धापा टाकत खाली टेकल्या. जीव तोडून धावलेले पुरुषही टेकतात. पण वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला की, बायका कोसळल्या, हे अंतर त्यांच्या प्रकृतीला झेपणारे नाही. शर्यत बंद झाली, ती थेट 1960 च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. मधली बत्तीस वर्षे ऑलिंपिकमध्ये 200 मीटरपलीकडे स्त्रिया धावल्याच नाहीत. आणि धावल्या नाहीत म्हणून, त्यांना झेपत नाही हा समज शाबूत राहिला. स्त्रियांची मॅरेथॉन तर 1984 साली सुरू झाली. पुढे 2016 मध्ये रिओला आपल्या सातारा जिल्ह्यातली ललिता बाबर 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. मैदान मिळाले, तेव्हा हे दिसले.

मी काही तुम्हाला उद्या सकाळी नदीत उडी घ्या असे सांगत नाही. पाणी जीव घेते, हे आमच्या घराइतके कोणाला ठाऊक? प्रत्येक समजूत खोटी असते असेही नाही. वडीलधाऱ्यांच्या कित्येक सूचना अनुभवाने खऱ्या ठरलेल्या असतात. पण खरी समजूत पारखायला घाबरत नाही. म्हणून आता "मला हिशेब जमत नाही", "आमच्यात कोणाला गळा नाही", "या वयात काय शिकायचं" असे काही तोंडावर आले, की मी स्वतःला एकच विचारतो. हे मी करून पाहिले आहे, की नुसते ऐकले आहे? आणि करून पाहायचे ते छातीइतक्या पाण्यात, शेजारी जाणता माणूस ठेवून. फसलो तर नाकात थोडे पाणी जाईल.

मला आता तलावाची एक रुंदी पार करता येते. आजोबांच्या नदीपुढे ती काहीच नाही. नात माझ्या कितीतरी पुढे गेली आहे. मे महिन्यात एके दिवशी लेकीने माझ्यापुढे एक कागद ठेवला. तलावावर मोठ्या बायकांच्या वर्गाचा अर्ज. खाली नातेवाइकाच्या सहीची जागा. ती म्हणाली, "बाबा, सही राहिली आहे." बाकी काही बोलली नाही. मी सही केली. अक्षर जरा वेडेवाकडे आले. सातवीतली ती सुट्टी त्या सहीने परत आली नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

गेल्या दिवाळीला लेक आणि नात आमच्याकडेच होत्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे नातीला तेल लावून पाटावर बसवले. मी बादलीत तांब्या बुडवला आणि सवयीने तेच जुने वाक्य ओठांवर आले. पण त्याआधीच तिने बादलीत डोकावून पाहिले आणि नाक मुरडून विचारले,

"आजोबा, एवढंच पाणी?"