"आई, माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!"

मंडळी, मुलं कॉम्प्युटर सायन्सला असतील तर हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलं असेल. आमच्या लेकीचा सीमधला प्रोग्राम घरच्या मॅकवर मस्त चालला, कॉलेजच्या लिनक्स सर्व्हरवर बिल्डच झाला नाही. मार्क शून्य. तिचे बाबा लगेच प्रोफेसरना मेल लिहायला बसले. मी म्हटलं, थांबा जरा.

चूक एका फंक्शनची होती: स्ट्रएलकॉपी. १९९८ मध्ये ओपनबीएसडीत आलेलं, मॅकवर कित्येक वर्षांपासून आहे. लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत मात्र ते आलं २०२३ मध्ये, आणि कॉलेजचा सर्व्हर त्याहून जुना. पॉझिक्स, म्हणजे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय नि कसं मागायचं याचं १९८८ पासूनचं स्टँडर्ड. त्यातसुद्धा हे फंक्शन २०२४ च्या आवृत्तीत आलं. (पॉझिक्स हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवलेलं.)

फंक्शन कुठल्या स्टँडर्डमध्ये बसतं, की फक्त एखाद्याच सिस्टिमवर मिळतं, हे बहुतेक वेळा मॅन्युअल पेजवरच लिहिलेलं असतं. वाचायला दोन मिनिटं. पण मुलं पहिलं सापडलेलं उत्तर चिकटवून मोकळी होतात.

माझं मत विचाराल तर शून्य योग्यच होतं. कोड दुसऱ्याच्या मशीनवर चालायचा असतो. नवा लॅपटॉप घेऊन देऊ नका, मेल तर मुळीच लिहू नका. फक्त विचारा, "सबमिट करायच्या आधी सर्व्हरवर चालवून पाहिलंस का?" आमच्याकडे फोनवर हल्ली हा प्रश्न "जेवलीस का"च्याही आधी येतो.