चित्र कलावंताचे, हक्क ग्राहकाचा

जव्हार - वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे कलेच्या नावाला संरक्षण लाभले; चित्र काढणाऱ्या हाताचा प्रश्न मात्र वेगळाच आहे.

वावरसारख्या गावातील कलावंताने व्यापाऱ्याच्या मागणीवरून, मोबदला ठरवून चित्र काढले आणि वेगळा करार केला नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार कॉपीराइटचा पहिला मालक मागणी देणाराच ठरतो. तेच चित्र पुढे साड्यांवर, दिनदर्शिकांवर हजारो वेळा छापले गेले, तरी कॉपीराइटच्या आधारे आणखी मोबदला मागता येत नाही. स्वतःहून काढून विकलेल्या चित्राचे तसे नसते. तेथे ग्राहकाला केवळ चित्र मिळते. छपाईचा हक्क देण्यासाठी कलम १९ प्रमाणे लेखी करार लागतो.

लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सुवासिनींना अशा कराराची गरज कधी भासली नाही. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला कागदावर आली आणि बाजारपेठ उघडली. व्यवहार तोंडी बोलीवर झाला, तर नुकसान कलावंताचेच होते. रक्कम, वापर, मुदत आणि कॉपीराइट कोणाचा, एवढे नमूद केलेले मराठीतील एकपानी करारपत्र आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने उपलब्ध करून दिले, तरी मोठा आधार मिळेल.