घोडे कुठे बदलले? बदलापूरची एक लाडकी दंतकथा

(दीर्घ धागा)

बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीत वाढलेल्या कोणत्याही मुलाला गावाच्या नावाचा अर्थ विचारावा. उत्तर क्षणात येते. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांच्या सैन्याने येथे घोडे बदलले, म्हणून बदलापूर. ही कथा शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितली जाते, गणेशोत्सवाच्या देखाव्यात दिसते आणि हल्ली अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतून फिरते. कथा गोड आहे, लक्षात राहणारी आहे. प्रश्न एवढाच की ती इतिहास म्हणून सांगावी की दंतकथा म्हणून.

प्रथम कथेच्या बाजूने जे बोलता येते ते बोलले पाहिजे. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आली. १६७० च्या सप्टेंबरात, सुरतेवरील दुसऱ्या स्वारीपूर्वी, महाराजांचे घोडदळ कल्याणला जमा होत होते, असे जदुनाथ सरकारांनी नोंदवले आहे. बोरघाट उतरून कल्याणकडे येणारी वाट उल्हास नदीच्या खोऱ्यातून येते आणि बदलापूर त्याच खोऱ्यात आहे. म्हणजे स्वार येथून गेलेच नसतील, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.

मात्र ‘येथून गेले’ आणि ‘येथे घोडे बदलले’ यांत मोठे अंतर आहे.

बदलापूर ते कल्याण हे अंतर जेमतेम १४-१५ किलोमीटर. मुक्काम दोन-तीन तासांवर आलेला असताना हजारोंचे घोडदळ वाटेत घोडे का बदलील? शिवाय बदलायचे तर तितकेच ताजे घोडे, त्यांचा दाणावैरणीचा साठा आणि मोतद्दार आधीपासून येथे सज्ज हवेत. परतीचा मार्ग धरावा, तर तोही जुळत नाही. १६७० मध्ये सुरतेहून परतणारे सैन्य बागलाणातून आले आणि ऑक्टोबरात वणी-दिंडोरीला मोगलांशी त्याची गाठ पडली. तो प्रदेश नाशिककडचा. १६६४ च्या पहिल्या स्वारीचे तर सारे बळच गुप्ततेत होते. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून आडवाटांनी निघालेले सैन्य गावाला नाव पडावे इतक्या गाजावाजाने घोड्यांचा अड्डा मांडील, हे पटण्याजोगे नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मराठा घोडदळाच्या रचनेत आहे. या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची मिळकत, त्याची पत आणि पुष्कळदा घरातले सर्वांत मौल्यवान धन. तो घोडा वाटेतल्या गावी सोडून दुसऱ्याचा घेऊन पुढे जाणे ही कल्पना त्याला रुचली नसती. टप्प्याटप्प्यावर घोडे बदलण्याची रीत जगभर दिसते ती प्रामुख्याने निरोप्यांची आणि टपालाची. स्वारीवरच्या फौजेची नव्हे.

मग कथा फेकून द्यावी काय? मुळीच नाही. तिच्यात एक खरी आठवण दडलेली आहे आणि ती वाटेची आहे. हे खोरे शिवकाळाच्याही फार आधीपासून वाहते होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी, याच उल्हासच्या खोऱ्यात, कोंडाणे लेणी आहेत. घाट चढून गेले की भाजे आणि कार्ले. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने कल्याणहून पळसदरीपर्यंत रूळ टाकले तेही याच खोऱ्यातून, आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ गाडीच्या आवाक्यात आला. बौद्ध भिक्षू, व्यापारी तांडे, स्वार, आगगाडी आणि आता दाराशी लटकणारे चाकरमानी, सर्वांचा रस्ता एकच. दोन हजार वर्षांच्या या वर्दळीला लोकस्मृतीने एक चेहरा दिला, आणि महाराष्ट्रात असा चेहरा देताना महाराजांखेरीज दुसरे कोण आठवणार!

लोकांच्या कल्पकतेला शेजारच्या अंबरनाथचे उदाहरण फार बोलके आहे. तेथील शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, उजाडले म्हणून शिखर अपुरे राहिले, अशी कथा आजही सांगितली जाते. वर उघडे आभाळ आणि सुमारे वीस पायऱ्या उतरून जावे लागणारे गाभारा पाहिला की ती सुचणे स्वाभाविकच आहे. पण त्याच मंदिरात एक संस्कृत शिलालेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मम्वाणी ऊर्फ मुम्मुणी राजाचे आणि छित्तराजाचे नाव त्यात आहे. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी या दोघांनी त्याचा अभ्यास केला. त्याचा शक आधी ७८२ असा वाचला गेला होता. पुढे तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित झाला. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले, आणि त्यामुळे मंदिराचे काहीही बिघडले नाही. पांडवांची कथाही टिकून आहे. भाविक ती सांगतात, अभ्यासक लेख वाचतात, आणि कोणाचा कोणाला अडथळा होत नाही. बदलापूरच्या घोड्यांनाही हाच न्याय लावता येईल.

उल्हासनगरला तर दंतकथेची गरजच पडली नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला. १९४९ मध्ये त्या वसाहतीला नदीवरून नाव दिले गेले. नाव कधी पडले ते ठाऊक आहे, का पडले तेही ठाऊक आहे. तरीही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. सरकारी नावापेक्षा अंगवळणी पडलेले नाव किती चिवट असते, याचा असा पुरावा क्वचितच सापडतो.

नावावरून अर्थ काढण्याची घाई मात्र सर्वत्र सारखीच. मांजर्ली ऐकून मांजर आठवले म्हणून ते मांजरांचे गाव ठरत नाही. याच तालुक्यात जांभूळ नावाचे गाव आहे, आणि बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेथे नाव आणि झाड यांचा मेळ निदान डोळ्यांना दिसतो. डोंबिवली, बोरिवली, कांदिवली या नावांतील ‘वली’ हा ‘पल्ली’चा, म्हणजे वस्तीचा, अवशेष मानला जातो. अशी चिकित्सा घोड्यांइतकी रोमांचक नाही हे खरे. परंतु तिच्यातून गावाचे वय कळते, घोड्यांतून केवळ गावाची हौस.

आणि येथे एक गोष्ट खरोखर पणाला लागलेली आहे. घोड्यांची कथा शंभर तोंडांनी सांगितली जात असताना दुसरी एक लोकस्मृती चोरपावलांनी नाहीशी होत आहे, ती म्हणजे नदीची. २६ जुलै २००५ च्या पुराने उल्हासकाठचा परिसर झोडपला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांना बोटींच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. पाणी कुठवर येते, कोणता ओहोळ आधी फुगतो, कोणत्या शेताला पाणथळ म्हणत, हे नदीकाठच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. ते ज्ञान कोणत्याही देखाव्यात नसते. शेते जाऊन इमारती आल्या, शेतांची नावे सातबाऱ्यापुरती उरली आणि इमारतींना परदेशी उपवनांची नावे मिळाली.

इतिहासाची आवड असलेल्या तरुणांपुढे म्हणून घोड्यांपेक्षा मोठे काम आहे. सुरतेच्या स्वारीवर लिहायला बखरी आहेत, इंग्रज वखारीची पत्रे आहेत, विद्वान आहेत. मांजर्लीच्या ओहोळांवर, विहिरींवर, शेतांच्या नावांवर लिहायला घरातील आजी-आजोबांखेरीज कोणी नाही. त्यांच्याशी एक दुपार बसावे, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करावे, नकाशावर खुणा कराव्यात. घोड्यांची गोष्टही त्यांच्याकडूनच ऐकावी. ती ते अधिक रंगवून सांगतात.

नावांचा घोळ तसा स्थानकापासूनच सुरू होतो. फलाटावरच्या पाटीवर नुसते बदलापूर. नगरपरिषद मात्र कुळगाव-बदलापूर. मूळ बदलापूर गाव पश्चिमेला, स्थानकापासून चांगलेच दूर. कुळगावच्या अंगणात रेल्वे आली आणि पाटी शेजाऱ्याच्या नावाची लागली. बदलापुरात खात्रीने काही बदलले असेल तर ते हे.