आप्तांच्या घरची आपली चीजवस्त

परभणी जिल्ह्यात आप्ताच्या घरी राहण्याचा प्रघात जुना आहे. जिंतूर, पाथरी, सोनपेठ, पालम ह्या तालुक्यांतील मुले विद्याभ्यासासाठी परभणीस मामाकडे किंवा आत्याकडे राहतात. बदलून आलेला गृहस्थ बिऱ्हाडाची जागा मिळेपर्यंत चुलत्याकडे उतरतो. वार्धक्यात एकटी पडलेली मावशी भाच्याच्या घरी येते. प्रत्येकाबरोबर काहीतरी मोलाचे येतेच: मुलाचा संगणक, गृहस्थाचे घड्याळ, मावशीची बोरमाळ व पूजेची चांदीची उपकरणी. ‘घर तुमचेच आहे,’ असे यजमान म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. परंतु हे वाक्य प्रेमाचे आहे, विमापत्राचे नव्हे. ह्या दोहोंतील भेद ध्यानी न आल्यास पुढे होणारे नुकसान केवळ पैशाचे राहत नाही.

१९४७-४८ साली रझाकारांच्या उपद्रवामुळे निजामी मुलुखातील अनेक कुटुंबांस घरदार सोडून सरहद्दीपलीकडे आश्रय शोधावा लागला. अशा घाईत मौल्यवान वस्तू सोबत नेणे किंवा मागे ठेवणे, हे दोनच मार्ग उरतात. आज शांततेच्या दिवसांत आपणांस तिसरा मार्ग मोकळा आहे. त्याचा विचार मात्र फार थोडी कुटुंबे करतात.

प्रथम कायदा पाहू. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने, सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो, तेवढी घेतली म्हणजे पुरे. मामींनी बोरमाळ आपल्या दागिन्यांबरोबरच कपाटात कुलपात ठेवली आणि चोराने कपाटच फोडले, तर भरपाईची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. ती मागण्याचा विचारही कोणी सुज्ञ मनुष्य करणार नाही. परंतु न मागितलेली भरपाई मनात राहते. एकीकडे हळहळ, दुसरीकडे अपराधीपणा, आणि पुढच्या मंगलकार्यात दोन्ही घरे एकमेकांशी जपून बोलू लागतात.

विम्याचे मूळ तत्त्व असे की, वस्तू नष्ट झाल्याने ज्याची हानी होते, त्यानेच तिचा विमा उतरवावा. यजमानांनी घराचा विमा केला असला, तरी पाहुण्याच्या वस्तू त्यात आपोआप येतात असे समजू नये. कोणाच्या मालकीच्या वस्तू धरल्या आहेत, हे विमापत्रातील शब्दांवर ठरते. ‘भारत गृह रक्षा’ हे सर्वत्र एकाच नमुन्याचे विमापत्र १ एप्रिल २०२१ पासून प्रचारात आले. जो घराचा मालक नाही, त्यासही त्याखाली केवळ आपल्या वस्तूंचा विमा उतरविता येतो. आग, वीज, वादळ, पूर ह्यांपासून त्यात संरक्षण आहे. गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या गावी ह्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

परंतु दोन गोष्टी विसरू नयेत. दागिने व चांदी ह्यांचा अंतर्भाव साध्या घरसामानात होत नाही. त्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. दुसरे, ह्या विमापत्रात चोरीची भरपाई मिळते ती आग, पूर यांसारख्या आपत्तीमुळे सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीची. सर्वसाधारण घरफोडीसाठी स्वतंत्र विमा हवा. त्यातही कुलूप किंवा दार फोडल्याची खूण बहुधा आवश्यक असते, आणि घरातील माणसाने किंवा नोकराने केलेली चोरी बहुधा वगळलेली असते. दिवाळीस यजमान कुटुंबासह गावी जाणार असतील, तर घर किती दिवस बंद राहिले असता संरक्षण थांबते, हेही विचारून घ्यावे.

दागिने पेढीच्या लॉकरमध्ये ठेवले म्हणजे चिंता मिटली, असा कित्येकांचा समज असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा नोकरांची लबाडी ह्यांबद्दल पेढीची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती आहे. भाडे दोन हजार रुपये असेल, तर मर्यादा दोन लक्षांची.

आप्तांच्या घरी राहावयास जाणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच. मौल्यवान वस्तूंची यादी करावी. तीत दागिन्याचे वजन, वस्तूचा क्रमांक, खरेदीची पावती व छायाचित्र असावे, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. विमा आपल्या नावे व आपल्या खर्चाने उतरवावा. राहत्या घराचा खरा पत्ता लिहून, हे घर आप्ताचे आहे, हे विमा कंपनीस लेखी कळवावे आणि तिचे उत्तरही लेखीच मागावे.

हे यजमानांस सांगावयाचे कसे, असा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. गाठोडे सोडतानाच सांगितले, तर त्यात अविश्वासाचा वास येत नाही. ‘मामी, ह्या चार वस्तूंचा विमा मी माझ्या नावे करते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको,’ एवढे म्हटले की पुरे. मामी बहुधा आपल्याही दागिन्यांची यादी करावयास बसतील.