मुद्देमालात अडकलेले सूर

आमच्या महाविद्यालयातून काही वर्षांपूर्वी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी गेल्या वर्षी ऐन आषाढात सकाळीच दारात येऊन उभा राहिला. नोकरीच्या मागे न लागता त्याने गावातील एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत ध्वनिमुद्रणाचा छोटा स्टुडिओ थाटला होता. भजनी मंडळांचे अभंग, शाळांची स्वागतगीते, स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती यांवर त्याचा आणि त्याच्या दोन साथीदारांचा चरितार्थ चालत असे. "सर, रात्री स्टुडिओ फोडला," एवढेच तो म्हणाला. दोन मायक्रोफोन, एक ऑडिओ इंटरफेस, एक कीबोर्ड, वडिलांची पेटी आणि तीन वर्षांचे काम साठविलेली हार्ड डिस्क, एवढा ऐवज गेला होता.

पोलीस ठाण्यात त्याच्याबरोबर मी गेलो. तेथील हवालदारांनी सौजन्याने वागविले, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. परंतु त्यांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. "बिले आहेत का? नंबर लिहून ठेवलेत का?" मायक्रोफोन एका ओळखीच्या वादकाकडून जुने घेतलेले, पेटी वडिलोपार्जित, आणि यंत्रांचे क्रमांक कोणी वाचलेलेच नव्हते. अखेर फिर्यादीत नोंद झाली ती "काळ्या रंगाचे माइक, नग दोन" अशी. या वर्णनाचे माइक महाराष्ट्रातील प्रत्येक मंगल कार्यालयात सापडतील.

वर्तमानपत्रात दोन ओळींत संपणाऱ्या या प्रकारच्या चोरीकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर तिचे स्वरूप दागिन्यांच्या किंवा दूरचित्रवाणी संचाच्या चोरीहून वेगळे दिसते. दागिना ही साठविलेली संपत्ती आहे आणि दूरचित्रवाणी संच ही उपभोगाची वस्तू. वादकाचे वाद्य आणि ध्वनिमुद्रकाचे यंत्र मात्र उत्पादनाचे साधन असते. दागिना गेला तर बचत जाते. साधन गेले तर उद्याची मिळकतही जाते. त्यामुळे या नुकसानीचा आकडा चोरीच्या दिवशी निश्चित होत नाही. ते साधन परत हाती येईपर्यंत तो रोज वाढत राहतो.

दुसरी गोष्ट अशी की, चोराला मिळणारी किंमत आणि मालकाचे झालेले नुकसान यांत कमालीचे अंतर असते. डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीत उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाया त्यांच्या मुलाच्या घरातून चोरीस गेल्या. त्यांतील चांदीच्या शहनाया मान्यवरांनी उस्तादांना भेट दिलेल्या होत्या. जानेवारी २०१७ मध्ये पोलिसांनी तपास लावला आणि कुटुंबातीलच एका व्यक्तीसह दोन सराफांना अटक केली, तेव्हा हाती आली ती मुख्यतः वितळविलेली चांदी. त्या शहनाया अवघ्या १७,००० रुपयांना विकल्या गेल्या होत्या. देशाच्या दृष्टीने जो अमोल ठेवा होता, तो मुशीत गेल्यावर वजनाचा माल झाला. आमच्या विद्यार्थ्याच्या हार्ड डिस्कचेही असेच झाले असणार. चोराच्या लेखी ती काही शे रुपयांची डबी. तिच्या मालकाच्या लेखी तीन वर्षांचे श्रम.

ही वस्तू विकत घेणारा कोणी नसेल, तर चोराला ती नेण्यात काहीच स्वारस्य राहणार नाही. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की, गुन्हेगारही लाभ, पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षा यांचा हिशेब करतो. या हिशेबातील लाभाची बाजू ठरवितो तो गिऱ्हाईक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याचे कलम २७ तर त्याही पुढे जाते: काही अपवाद सोडता, विकणाऱ्याजवळ जी मालकी नाही ती घेणाऱ्यास मिळूच शकत नाही. म्हणजे अगदी प्रामाणिकपणे, पूर्ण पैसे मोजून चोरीचा माइक घेतला, तरी तो आपला होत नाही. कायदा इतका स्पष्ट असूनही अर्ध्या किमतीत मिळणारे यंत्र घेताना "हे कोठून आणले?" असे विचारणारे कितीजण निघतील? स्वस्तात मिळाल्याच्या आनंदात आपण तो प्रश्न गिळतो, आणि पुढच्या चोरीची पेरणी करतो.

चोरी झाल्यानंतरचा आणखी एक मोह येथे सांगितला पाहिजे. चार दिवसांनी एक मध्यस्थ माझ्या विद्यार्थ्याकडे येऊन गेला. "थोडे पैसे ठेवा, माल आणून देतो, पोलिसांची कटकट नको," असा त्याचा प्रस्ताव होता. मुलगा द्विधा मनःस्थितीत होता. त्याला दोष देणे मला जड गेले. परंतु हा व्यवसाय फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाचा गृहस्थ चोरीचा माल मालकांना परत मिळवून देण्याबद्दल प्रसिद्ध होता. लोक त्याला चोरांचा कर्दनकाळ समजत; प्रत्यक्षात त्याच्याच हाताखालचे चोर चोऱ्या करीत आणि तो बक्षीस घेऊन तोच माल परत करी. या प्रकारास आळा घालण्यासाठी १७१८ मध्ये कायद्यात तरतूद झाली, आणि चोरीस गेलेली लेस परत करण्याबद्दल पैसे घेतल्याच्या आरोपावरून १७२५ मध्ये वाइल्ड फासावर गेला. गुन्हेगारास पकडून देण्याचा प्रयत्न न करता चोरीचा माल मिळवून देण्याबद्दल मोबदला घेणे हा आपल्याकडेही १८६० च्या दंड संहितेच्या कलम २१५ अन्वये गुन्हा होता आणि न्याय संहितेच्या कलम २५२ अन्वये तो आजही आहे. मध्यस्थाला दिलेला प्रत्येक रुपया पुढच्या चोरीचे भांडवल बनतो. विद्यार्थ्याने अखेर त्यास नकार दिला.

मग माल परत मिळण्याचा सरळ मार्ग कोणता? अनुभव असा की, ओळख पटविणाऱ्या खुणेखेरीज तपास पुढे सरकत नाही. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात फ्रँक आमंड या वादकाला विजेचा धक्का देणाऱ्या बंदुकीने पाडून त्याच्याजवळचे 'लिपिन्स्की' नावाचे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन पळविले गेले. ती बंदूक झाडताना तिच्यातून क्रमांक छापलेले कागदाचे बारीक कपटे बाहेर पडतात. त्यांवरून बंदूक कोणी विकत घेतली होती ते कळले आणि नवव्या दिवशी व्हायोलिन परत मिळाले. कॅनडाचे गायक रँडी बाकमन यांची १९७६ साली टोरांटोतील हॉटेलातून गेलेली गिटार तर चार दशकांहून अधिक काळानंतर जपानमध्ये आढळली. एका चाहत्याने जुन्या छायाचित्रांतील लाकडाच्या रेषा व गाठ संगणकाच्या साहाय्याने ताडून पाहिल्या होत्या. २०२२ साली टोकियोत ती त्यांना परत मिळाली, आणि ज्या वादकाकडे ती होती त्याला त्यांनी तशीच दुसरी गिटार दिली.

आपल्या हाताने घडविलेल्या वाद्यांबाबत या दुसऱ्या उदाहरणाचे महत्त्व अधिक आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट होय. त्या प्रतिष्ठेला साजेसे असे आणखी एक पाऊल कारागिरांनी टाकावे. प्रत्येक वाद्याच्या आत, सहज खरवडून काढता येणार नाही अशा जागी, क्रमांक कोरावा आणि त्याची नोंद आपल्या वहीत ठेवावी. यास खर्च जवळजवळ नाही. वाद्य जुने असेल, तर भोपळ्यावरील डाग, लाकडाची गाठ, जोडकाम यांचे छायाचित्र हाच त्याचा क्रमांक.

एवढे सारे जुळून माल सापडला, तरी प्रश्न सुटत नाही. किंबहुना या लेखाचा मुख्य मुद्दा येथेच सुरू होतो. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत चार महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यात एक टोळी पकडली गेली आणि तिच्याकडून पेटी, एक मायक्रोफोन व इंटरफेस असा माल जप्त झाला. बातमी कळताच त्याने मला पेढे आणून दिले. ते पेढे आम्ही फार लवकर खाल्ले! माल सापडला होता, मिळाला नव्हता. तो आता त्याचा राहिला नसून खटल्यातील 'मुद्देमाल' झाला होता. अर्ज, त्यावर पोलिसांचा अहवाल, अहवाल न आल्याने पुढची तारीख, आणि मग मालकीचा पुरावा, अशा क्रमाने आणखी सात महिने गेले. या काळात तो एका कामापुरते माइक भाड्याने आणीत होता. मिळकतीचा मोठा भाग त्या भाड्यातच जाई. त्याचा एक साथीदार कंटाळून औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. चोराने त्याचे चार महिने नेले, व्यवस्थेने सात.

हा दोष कायद्याचा आहे, असे म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले की, जप्त वस्तू ठाण्यात पडून राहू देऊ नयेत. पंचनामा करून, छायाचित्रे घेऊन आणि बंधपत्र लिहून घेऊन त्या मालकास लवकर द्याव्यात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने तर मुदतीच घातल्या. माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचे विवरण तयार करावयाचे, छायाचित्रे वा चित्रफीत घ्यावयाची, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यावयाचा. परंतु हे घड्याळ चालू होते ते माल न्यायालयापुढे आल्यावर. पोलिसांनी जप्तीची केवळ खबर दिली आणि माल ठाण्यातच राहिला, तर त्यासाठी असलेल्या कलम ५०३ मध्ये अशी मुदत नाही. नेमक्या या फटीत गरिबाचे महिने सांडतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. मालच परत दिला तर खटल्यात पुरावा काय दाखवावयाचा? आरोपीलाही न्याय मिळाला पाहिजे, आणि एकाच वस्तूवर दोघांनी हक्क सांगितला तर? मालकीबद्दल खरा वाद असेल तेथे थांबणे योग्यच आहे. परंतु वाद नसेल तेथे छायाचित्र, क्रमांक आणि पंचनामा हा पुरेसा पुरावा मानावा, हे न्यायालयाने व कायद्याने दोघांनीही मान्य केले आहे. उलट बंद खोलीतील दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला कीड लागते. पुरावा जपण्याच्या नावाखाली पुराव्याचीच माती होते.

येथे आणखी एका कायद्याची आठवण द्यावीशी वाटते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये कर्जदारावर हुकूमनामा झाला, तरी कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे व बैल जप्त करता येत नाहीत. साधन काढून घेतले तर माणूस कर्जही फेडू शकणार नाही आणि पोटही भरू शकणार नाही, हे शहाणपण त्यामागे आहे. कर्ज बुडविणाऱ्याच्या हत्यारांना जे संरक्षण आहे, ते ज्याच्याकडे चोरी झाली त्या निरपराध माणसाच्या हत्यारांना असू नये, याला काय म्हणावे?

म्हणून मागणी मोठी नाही. उपजीविकेचे साधन जप्त झाले, तर ते ठराविक दिवसांत न्यायालयापुढे आणण्याचे बंधन पोलिसांवर असावे, आणि अशा अर्जांना इतर अर्जांआधी क्रम मिळावा. जुन्या वस्तूंच्या दुकानदारांनी विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि वस्तूचा क्रमांक यांची नोंद ठेवावी. आणि ज्यांच्या घरी वा संस्थेत एखादे वाद्य आहे, अशा प्रत्येकाने आज संध्याकाळी एका वहीत त्याचा क्रमांक व खुणा लिहून ती वही त्या खोलीबाहेर ठेवावी. शाळा-महाविद्यालयांच्या साहित्य-नोंदवहीत आपण "हार्मोनियम, नग एक" एवढेच लिहितो. माझ्या महाविद्यालयाच्या वहीतही तसेच आहे, हे मी कबूल करतो.

विद्यार्थ्याची पेटी अखेर ओळखली गेली ती एका जुन्या गणेशोत्सवातील छायाचित्रावरून. त्यात त्याचे वडील पेटी वाजवीत होते आणि भात्यावरचे लाल ठिगळ स्पष्ट दिसत होते. पेटी घरी आली तेव्हा तोच भाता उंदरांनी कुरतडलेला होता. तरी तो नशीबवान म्हणावा लागेल. रोमन टोटनबर्ग या व्हायोलिनवादकाचे स्ट्रॅडिव्हेरियस १९८० साली अमेरिकेत एका कार्यक्रमानंतर चोरीस गेले. ते २०१५ मध्ये सापडले आणि त्यांच्या मुलींच्या हाती आले. स्वतः टोटनबर्ग २०१२ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी, निवर्तले होते. वाद्य परत येणे आणि ते वाजविणाऱ्याच्या हाती वेळेत परत येणे, या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे यावरून कळावे. न्यायव्यवस्थेला चोर पकडणे प्रत्येक वेळी साधेल असे नाही. परंतु सापडलेली भाकरी कुलपात ठेवून मालकाला उपाशी न ठेवणे, एवढे तरी तिच्या हाती निश्चित आहे.